मालिकेतला तपास आणि तुमच्या घरफोडीची फाइल

ताई, इतर वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीत भरदिवसा घरफोडी झाली, कपाटातले दागिने गेले. पोलीस आले, ठसेवाले पावडर टाकून गेले, गुन्हा दाखल झाला. त्याला तीन आठवडे झाले. चौकशीला गेलं की ‘तपास चालू आहे’ यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही. घरी सासूबाई सीआयडी बघता बघता विचारतात, ‘यांना एका तासात कळतं, मग आपल्याकडच्यांना का नाही?’ आणि तुम्ही विचारलंय की मालिका खोटं दाखवतात, की आपले पोलीस काम करत नाहीत?

दोन्ही असू शकतं. तुमचे कागद पाहिल्याशिवाय तुमच्या बाबतीत काय झालंय ते मी सांगू शकत नाही. पोलीस स्टेशनवर गुन्ह्यांचा बोजा किती, तपास कोणाकडे दिलाय, चोर पूर्वी सापडलेला आहे की नवखा, यावर बरंच अवलंबून असतं. थोडा नशिबाचाही भाग असतो. माझी नोकरीची बहुतेक वर्षं ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांत गेली, त्यातली बरीचशी डीबीत, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकात. मला वाटतं, तुम्हाला खरं तर हे हवंय: तपास चालू आहे की फाइल कपाटात पडून आहे, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कशावरून? मालिकांनी आपली हीच नजर बिघडवली आहे. धावपळ आणि दरडावणी दिसली की लोकांना काम होतंय असं वाटतं. कोर्टात गुन्हा टिकतो तो कागदावर, आणि कागद दाखवायला कुठलाही दिग्दर्शक तयार नसतो.

सीआयडी १९९८ साली सोनीवर आली, वीस वर्षं चालली आणि २०२४च्या शेवटी पुन्हा सुरू झाली. म्हणजे आज पोलीस स्टेशनची पायरी चढणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या माणसाच्या डोक्यात पोलीस म्हटलं की एसीपी प्रद्युम्न आणि दया असणारच. प्रद्युम्न साकारणारे शिवाजी साटमसाहेब तर मराठी घरांत त्याआधीच दूरदर्शनच्या ‘एक शून्य शून्य’मुळे ओळखीचे झाले होते. माणूस इतका चोख की आमच्यातल्या कित्येकांना त्यांच्यासारखं चालावंसं वाटायचं. पण मालिकेची मांडणी बघा. एक पथक, एक खून, हाताशी एक लॅब, आणि रात्री दोनलाही अहवाल तयार. खऱ्या राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तिच्याकडे नेमून दिलेले मोजके तपास जातात. तुमची घरफोडी तिच्याकडे जात नाही. आयुक्तालयातल्या एसीपीकडे, म्हणजे सहायक पोलीस आयुक्ताकडे, काही पोलीस स्टेशनांची देखरेख असते, तो स्वतः भिंग घेऊन कपाटापाशी बसत नाही. बसतो तो एखादा पीएसआय किंवा हवालदार. त्याच्या टेबलावर तुमच्या फाइलच्या वर-खाली आणखी घरफोड्या, मारामाऱ्या, एक-दोन अकस्मात मृत्यू, मिसिंग, समन्स-वॉरंटची बजावणी, कोर्टनाक्यावरच्या साक्षीच्या तारखा, आणि वर बंदोबस्त. दहीहंडी आली, टेंभीनाक्याची देवी बसली, तलावपाळीला विसर्जन असलं की तपासी अंमलदार दोरखंड धरून उभा. ही सबब म्हणून सांगत नाही. वेळ कुठे जातो ते कळावं एवढ्यासाठी.

आता ठशांचं. पावडर टाकली म्हणजे नाव मिळालं, अशी समजूत आहे. ठसा उमटायला पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. आरसा, काच, स्टीलचं कपाट, ग्रॅनाइट ठीक, पण खरखरीत लाकूड आणि कापड यांच्यावर या पावडरीने फारसं काही हाती लागत नाही. चोरी कळल्यावर आपण पहिलं काय करतो? कपाट उघडून काय गेलं ते बघतो, शेजारणी येऊन हात लावतात. मग ठसेतज्ज्ञाला मिळतात ते घरच्यांचेच ठसे. म्हणून घरातल्या सगळ्यांचे ठसे घेऊन ते आधी वगळावे लागतात. त्यातून एखादा परका, पुरेसा स्पष्ट ‘चान्स प्रिंट’ उरला, तर तो राज्याच्या आणि देशाच्या संगणकीय संग्रहात शोधला जातो. पण त्या माणसाचे ठसे पूर्वी कधीतरी घेतलेले असतील तरच तो जुळणार. पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याचा ठसा कितीही सुंदर मिळाला तरी तो कुणाचा हे यंत्र सांगू शकत नाही. तो माणूस पुढे दुसऱ्या गुन्ह्यात सापडला की मगच तुमचा ठसा बोलायला लागतो. तुमच्याकडे ठसेवाले येऊन घरच्यांचे ठसे न घेताच गेले असतील, तर त्याबद्दल जरूर विचारा. माझ्या मते तुम्ही विचारू शकाल अशा प्रश्नांत हा सगळ्यात टोकदार आहे.

सीसीटीव्हीचंही तसंच. पडद्यावर कुणीतरी ‘झूम कर’ म्हणतो आणि धुरकट डाग माणसाचा चेहरा होतो. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते झूम केल्याने येत नाही. खऱ्या तपासात फुटेज म्हणजे पायपीट. गेटवरच्या कॅमेऱ्यात टोपीवाला दिसला, मग तो कुठल्या बाजूला वळला ते बघायला समोरच्या मेडिकलचा कॅमेरा, मग रिक्षा स्टँड, मग पेट्रोल पंप. माजिवड्यापर्यंत माग लागतो आणि तिथे तो हायवेच्या गर्दीत हरवतो. पुन्हा मागे यायचं आणि तो आला कुठून ते शोधायचं, कारण येताना माणूस जाण्याइतका सावध नसतो. डीबीतली पोरं दिवसच्या दिवस यात घालवतात आणि डायरीत त्याची एक ओळ होते. बहुतेक सोसायट्यांचं रेकॉर्डिंग पंधरा दिवस ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं. तुमचे तीन आठवडे झालेत, तेव्हा तुमच्या आणि शेजारच्या सोसायटीचं त्या दिवसाचं फुटेज पोलिसांनी घेतलंय का, हे आजच विचारा. घेतलं नसेल तर सेक्रेटरीला लेखी पत्र द्या की ते जपून ठेवा. पुढे कोर्टात ते पुरावा म्हणून चालायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवलेली क्लिप तपासाला दिशा देते, पण मूळ डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, हातात असलेलं बरं.

मोबाइल लोकेशनबद्दलही अशीच अवास्तव अपेक्षा असते. ‘साहेब, टॉवर काढा ना’ हे वाक्य हल्ली प्रत्येक फिर्यादी म्हणतो. काढतोही आम्ही. पण टॉवर माणसाचा मजला सांगत नाही, परिसर सांगतो, आणि घोडबंदर रोडच्या एका टॉवरखाली दुपारी किती मोबाइल असतील याचा तुम्हीच अंदाज करा. शिवाय सीडीआर, म्हणजे कंपनीकडचा कॉलचा तपशील, कुणाही हवालदाराला मनात येईल तेव्हा मागवता येत नाही, तो वरिष्ठांमार्फत जातो. तसा तो जातो हे नागरिक म्हणून तुमच्या फायद्याचंच आहे.

मालिकांनी सगळ्यात जास्त नुकसान कुठे केलं असेल तर ते थपडेत. एसीपी एक कानाखाली ठेवतो, संशयित रडत सगळं ओकतो, शेवटची पाटी. घरफोडीच्या फिर्यादींत हे मी फार ऐकलंय: ‘आमच्या कामवालीला आणा, दोन ठेवून द्या, लगेच बोलेल.’ चांगली शिकलेली, सभ्य माणसं हे म्हणतात. पुरावा विचारला तर ‘तिच्याशिवाय कोण?’ एवढाच. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यापासून आहे आणि आताच्या कायद्यातही कलम २३ म्हणून कायम आहे. चालतो तो फक्त एक तुकडा: आरोपीने सांगितलं आणि त्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं. म्हणजे थपडेने ‘मीच चोरी केली’ हे वाक्य मिळेल, पण ते कोर्टात शून्य. कामाचं आहे ते ‘अमक्या सोनाराकडे दिलं’ आणि पंचांसमक्ष त्या सोनाराकडून निघालेलं मंगळसूत्र. मार खाऊन माणूस मार थांबवण्यासाठी काहीही बोलतो, आणि मग चुकीच्या दिशेने तपासाचे दोन आठवडे जातात ते वेगळेच. पोलीस स्टेशनांत कॅमेरे लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये दिला, तो उगाच नाही.

दया मालिकेत दार तोडतो त्याचंही सांगून टाकतो, कारण लहान मुलं हमखास विचारतात. दार तोडायची मुभा कायद्यात आहे. पण आधी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं, आत येऊ द्या म्हणायचं, आणि तरी उघडलं नाही तरच. बहुतेक वेळा दार म्हातारी आई उघडते आणि ‘चहा घेणार का’ विचारते.

पंच हा तर मालिकेतून पार गायबच असतो. झडती, जप्ती, घटनास्थळ या सगळ्याचा पंचनामा दोन तटस्थ माणसांसमोर व्हावा लागतो. ती माणसं मिळत नाहीत. तुमच्या घरी पोलीस आले तेव्हा मजल्यावरची किती दारं बंद झाली ते आठवा. ‘कोर्टाचं लफडं नको’ म्हणून चांगले शेजारी नाही म्हणतात. मग पोलीस ओळखीचा पानवाला नाहीतर रिक्षावाला आणतात, आणि चार वर्षांनी आरोपीचा वकील त्याला विचारतो, ‘तुम्ही याआधी किती वेळा पंच झालात?’ केस तिथे डळमळते. गंभीर गुन्ह्यांत आता सरकारी कर्मचारी पंच म्हणून बोलावतात, कारण नाइलाज आहे. जे लोक पोलिसांना एका तासात निकाल मागतात तेच पंच व्हायला अर्धा तास देत नाहीत, याचा मला नोकरीभर राग यायचा आणि अजूनही येतो.

आरोपीला बुरखा घालून का नेतात, हेही लोक रागाने विचारतात. ‘चेहरा दाखवा की त्याचा!’ साक्षीदाराने आरोपीला पाहिलेलं असेल तर पुढे ओळख परेड व्हायची असते. तोवर टीव्हीवर चेहरा झळकला, की आरोपीचा वकील म्हणणार, ओळखलं ते बातमीवरून. बुरखा आरोपीची अब्रू राखायला नसतो, तुमची केस राखायला असतो.

अमेरिकेत यावर थोडा अभ्यास झालाय. तिथे सीएसआय ही मालिका २००० साली सुरू झाली, आणि तिच्यामुळे ज्युरी प्रत्येक खटल्यात डीएनए मागते अशी सरकारी वकिलांची ओरड सुरू झाली. मिशिगनमधले न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६मध्ये ज्युरीसाठी बोलावलेल्या सुमारे हजार लोकांना विचारलं. ४६ टक्के लोकांना प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही शास्त्रीय पुरावा अपेक्षित होता, २२ टक्क्यांना तर प्रत्येकात डीएनए. गंमत म्हणजे ती मालिका बघणाऱ्यांच्या अपेक्षा जास्त होत्या, पण दोषी की निर्दोष ठरवण्याच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. आपल्याकडे ज्युरी कधीच गेली, निकाल न्यायाधीश देतात. म्हणून मालिकेचा परिणाम आपल्याकडे कोर्टाच्या आधी होतो: फिर्यादी काय सांगतो, साक्षीदार पुढे येतो की नाही, शेजारी पंच होतो की नाही, यावर.

आणि गुन्हेगारांवरही. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची फसवणूक आठवा. निवृत्त माणसाला फोन येतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकीतला माणूस, खांद्यावर तारे, मागे बोधचिन्ह, बाजूला वायरलेसची खरखर, आवाजात जरब. ‘कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, खात्यातले पैसे पडताळणीसाठी या खात्यावर टाका.’ ठाण्यात, वाशीत, नेरुळमध्ये बँकेत आयुष्य काढलेली माणसं यात लाखो रुपये घालवून बसली आहेत. लोक म्हणतात, इतके शिकलेले कसे फसले? मला तितकं नवल वाटत नाही. चोराने पोलीस स्टेशन उभं केलं ते मालिकेतलं, आणि समोरच्याने पोलीस स्टेशन पाहिलं होतं तेही मालिकेतलंच. खरं स्टेशन त्याने पाहिलं असतं, तर तिथे इतकी शिस्तबद्ध जरब नसते, पंखा कुरकुरत असतो आणि तीन माणसं एकाच वेळी बोलत असतात, हे त्याला ठाऊक असतं. व्हिडिओ कॉलवरची अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकीचं मग.

दुसरा एक गैरसमज असा की माणूस हरवल्यावर २४ तास थांबावं लागतं. असा नियम नाही. मिसिंग लगेच नोंदवा. मूल अठराच्या आतलं असेल तर अपहरणाचाच गुन्हा दाखल होतो. एखाद्या ठाणे अंमलदाराने, म्हणजे पोलीस स्टेशनात तक्रार नोंदवून घेणाऱ्याने, ‘उद्या या’ म्हटलं तर तो चुकतोय. ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा.

मालिकांनी सगळं वाईटच केलं असं म्हणणार नाही. खऱ्या घटनांवर बेतलेल्या कार्यक्रमांनी बायकांना तक्रार द्यायचं धाडस दिलं, हे मी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पाहिलंय. ‘टीव्हीत दाखवलं होतं, अशाला गुन्हा म्हणतात’ असं सांगत एक मुलगी आईला घेऊन आली होती. तिची तक्रार खरी निघाली. उलट बाजूही आहे. पोलीसही मालिका आणि सिनेमे बघतात. गॉगल लावून गाडीतून उतरण्याचे रील करणारे नवे अधिकारी मला खटकतात. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३मध्ये पोलिसांच्याच एका कार्यक्रमात सांगितलं होतं की, कायदेशीर प्रक्रिया बाजूला सारून झटपट न्याय देणारा सिनेमातला पोलीस घातक संदेश देतो. वर्षभराने, सप्टेंबर २०२४मध्ये, बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला तेव्हा लोकांनी पेढे वाटले. त्या घटनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही, ते काम न्यायालयाचं. पेढे मात्र माझ्या लक्षात राहिले, कारण एका भागात गोष्ट संपावी ही सवय त्यात मला दिसली.

आता तुमच्या फाइलकडे येऊ. फिर्यादीची प्रत मोफत मिळते, ती घ्या आणि नीट वाचा. दागिन्यांचं वर्णन ‘सोन्याचे दागिने, अंदाजे अमुक तोळे’ इतकंच असेल तर पुरवणी जबाब द्या: कुठला दागिना, घडण कशी, सोनाराचं नाव, बिल, लग्नातला फोटो. तपासी अंमलदाराला ‘काय झालं?’ असं विचारू नका, त्याला ‘चालू आहे’ हेच उत्तर आहे. ‘कुठल्या कॅमेऱ्यांचं फुटेज घेतलं? चान्स प्रिंट मिळाला का? अशाच पद्धतीच्या जुन्या आरोपींपैकी सध्या बाहेर कोण आहे ते पाहिलं का?’ असं विचारा. काम करणारा माणूस दोन वाक्यांत सांगतो आणि उरलेलं का सांगत नाही तेही सांगतो. न करणारा चिडतो किंवा बंदोबस्ताकडे बोट दाखवतो. मग वरिष्ठ निरीक्षक, त्यानंतर एसीपी, तेही लेखी अर्जाने. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवायची आहे, त्याचा उल्लेख अर्जात नम्रपणे करा.

आणि कधीतरी कोर्टाकडून ‘ए समरी’ची नोटीस आली तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. गुन्हा खरा आहे, आरोपी मिळाला नाही, असा तिचा अर्थ. तुम्हाला हरकत घेता येते. ए समरी झालेल्या घरफोड्याही पुढे उघडकीस येतात. टोळी वेगळ्याच आयुक्तालयात सापडते, कुणीतरी जुने गुन्हे कबूल करतो, सोनाराकडून माल निघतो, आणि मग तुमच्या फिर्यादीतलं वर्णन त्या मालाशी ताडून बघतात. माल कोर्टाच्या हुकमाने परत मिळतो. तेव्हा ओळख पटवायला बोलावतात ते फिर्यादीत लिहिलेल्या मोबाइलवर. मधल्या काळात नंबर बदललात किंवा घर सोडलंत, तर पोलीस स्टेशनला लेखी कळवा आणि पोच घ्या.